आठशे बारा नळ्या आणि दोन हजार शब्द

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या परिसरातल्या एका घरात ८१२ नळ्यांचा ऑर्गन आहे. विजेवर सूर काढणारा कळफलक नव्हे. मोठ्या चर्चमध्ये असतो तसा, हवेच्या दाबावर वाजणारा खराखुरा पाइप ऑर्गन. लॉस एंजेलिसच्या ॲबट अँड सीकर या ऑर्गन बांधणाऱ्या मंडळींनी तो १९७५ साली घडवला. ज्यांनी तो हौसेने बांधून घेतला, त्यांचा व्यवसाय संगीताचा नाही आणि धर्मोपदेशाचाही नाही. ते आहेत डोनाल्ड क्नूथ. संगणकशास्त्रातले नोबेल म्हणतात तो ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९७४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळाला. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हा त्यांचा ग्रंथराज जगभरचे प्रोग्रॅमर कपाटात ठेवतात. त्यातले किती जण तो पुरता वाचतात, हा भाग वेगळा.

या माणसाच्या आयुष्यात तीन धागे साठ वर्षांहून अधिक काळ सोबत चालत आले आहेत. पहिला घराचा, दुसरा चर्चमधल्या संगीताचा आणि तिसरा जुन्या संगणकांच्या वेडाचा. नोकरी आणि लेखन वेगळेच. एवढे सगळे एका माणसाला कसे जमते? उत्तर वेळापत्रकात सापडेल असे वाटते, पण ते तिथे नाही.

क्नूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ चा, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात. घराणे जर्मन वंशाचे आणि लूथरन पंथाचे. वडील लूथरन शाळेत शिकवत, छोटा छपाईचा व्यवसाय करत आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. पुढे मुलाने काय काय केले ते पाहिले की या तिन्ही गोष्टी वारशाने आल्या असे म्हणावे लागते. लूथरन परंपरेत संगीत हा उपासनेचा अलंकार नसतो, ते तिचे अंग असते. खुद्द पंथप्रवर्तक मार्टिन ल्यूथर गीते रचत असे, आणि योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून लाइपझिगच्या चर्चचा संगीतप्रमुख होता. तिथे गाणे सगळ्या मंडळीने म्हणायचे असते. ऑर्गनवादकाचे काम त्यांना धरून ठेवण्याचे. सूर द्यायचा, लय सोडायची नाही आणि कडव्याच्या शेवटी लोकांना श्वास घ्यायला जागा ठेवायची. मैफलीतल्या वादकाला श्रोते ऐकतात. इथे वादकाने श्रोत्यांना ऐकायचे.

वाद्याविषयीही थोडे सांगायला हवे. आपल्या पेटीत भात्याची हवा धातूच्या बारीक पट्ट्यांना थरथरवते आणि सूर निघतो. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी लागते, आणि एकाच सुराच्या निरनिराळ्या नादांसाठी नळ्यांच्या निरनिराळ्या ओळी. क्नूथ यांच्या घरच्या ऑर्गनला अशा सोळा ओळी आहेत. दोन्ही हात पट्ट्यांवर चालत असताना पायांनीही खर्जाचे सूर वाजवायचे असतात. एका वेळी हातापायांना वेगवेगळे सूर वाजवायला लावणारे दुसरे वाद्य शोधणे सोपे नाही.

शाळा संपल्यावर क्नूथ यांच्यापुढे दोन वाटा होत्या, संगीत किंवा भौतिकशास्त्र. शिष्यवृत्ती मिळाली भौतिकशास्त्राची, क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये. १९५६ साली ते तिथे पोचले आणि भेटला आयबीएम ६५०.

या यंत्राची ओळख करून घेतल्याशिवाय क्नूथ यांचे वेड समजणार नाही. १९५३ मध्ये जाहीर झालेला हा संगणक निर्वात नळ्यांवर चालायचा. त्याची स्मृती म्हणजे चुंबकीय लेप दिलेला एक दंडगोल, मिनिटाला १२,५०० फेऱ्या घेणारा. त्यावर फक्त २,००० ‘शब्द’ मावत, आणि एक शब्द म्हणजे दहा अंकांची संख्या. आजच्या फोनमधला एखादा फोटोसुद्धा त्या जागेत बसणार नाही. गंमत अशी की प्रत्येक आज्ञेतच पुढची आज्ञा कुठे आहे त्याचा पत्ता लिहिलेला असे. एक आज्ञा पार पडेपर्यंत दंडगोल थोडा पुढे सरकलेला असायचा. पुढची आज्ञा नेमकी त्या क्षणी वाचक टोकाखाली येईल अशा ठिकाणी ठेवली, तर कार्यक्रम पळायचा. ती जागा चुकली तर पुरती फेरी होईपर्यंत, म्हणजे ४.८ सहस्रांश सेकंद, यंत्र थांबून राहायचे. तबलजीला सम चुकल्यावर पुढच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते, तसेच. चांगला प्रोग्रॅमर म्हणजे ज्याच्या डोक्यात तो दंडगोल सतत फिरत असे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर क्नूथ त्या यंत्रापाशी बसत. ते कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापकही होते, म्हणून त्यांनी खेळाडूंची कामगिरी मोजणारा एक कार्यक्रम लिहिला आणि त्याची बातमी ‘न्यूजवीक’पर्यंत गेली. त्या यंत्राचे ऋण ते विसरले नाहीत. ग्रंथ छापून आला तेव्हा अर्पणपत्रिकेत आई-वडील, पत्नी किंवा गुरू यांचे नाव नव्हते. ग्रंथ त्यांनी केसमधल्या आयबीएम ६५० ला अर्पण केला. १९८६ मध्ये, ते यंत्र भंगारात जाऊन जमाना उलटल्यावर, त्यांनी संगणकाच्या इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकात त्याच्यावर एक कृतज्ञ लेख लिहिला.

जुने संगणक जपणाऱ्यांचे दोन वर्ग असतात. काही जण यंत्रे गोळा करतात, डाग देतात, तबकड्या फिरवतात. काही जण त्यावर लिहिलेले कार्यक्रम वाचतात, एखादा इतिहासकार बखरी वाचतो तसे. क्नूथ दुसऱ्या वर्गातले. १९७० मध्ये त्यांनी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली हाताने लिहिलेल्या एका कार्यक्रमाचे ओळ न् ओळ विवेचन प्रसिद्ध केले. तो क्रमवारी लावण्याचा कार्यक्रम होता, आणि ज्या यंत्रासाठी तो लिहिला ते यंत्र तेव्हा बांधलेलेही नव्हते. दोन वर्षांनी ते आणखी मागे, बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांपर्यंत गेले आणि साठाच्या पटीत आकडे मांडणाऱ्या त्या लेखनिकांच्या गणिती कृती आजच्या प्रोग्रॅमरच्या नजरेने समजावून सांगितल्या. संगणकाचा इतिहास लिहिणारे हल्ली कंपन्या, माणसे आणि पैसा यांवरच लिहितात, यंत्राच्या आत शिरत नाहीत, अशी तक्रार त्यांनी २०१४ मध्ये एका व्याख्यानात केली. तक्रार रास्त आहे. वाद्य कसे वाजते हे वगळून वादकांच्या भांडणांचाच इतिहास लिहावा, असा तो प्रकार.

१९९८ मध्ये त्यांनी ‘ॲडव्हेंचर’ नावाचा जुना खेळ नव्याने लिहून काढला. या खेळात चित्र नाही. पडद्यावर गुहेचे वर्णन येते, आपण ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असे टंकायचे. मूळ खेळ १९७६ च्या आसपास विल क्राउदर यांनी लिहिला. ते केंटकीतल्या मॅमथ केव्ह या अफाट गुहेचे नकाशे काढणारे हौशी गुहासंशोधक आणि पेशाने प्रोग्रॅमर. घटस्फोटानंतर मुलींशी जवळीक राहावी, त्या भेटायला आल्या की काही खेळायला असावे, म्हणून त्यांनी तो बनवला. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी तो वाढवला. क्नूथ यांनी त्या खेळाची उत्तम टिपांसह वाचता येईल अशी आवृत्ती तयार केली, म्हणजे कादंबरी वाचावी तसा कार्यक्रम वाचता यावा. घर आणि संगणक यांच्या ओढाताणीतून जन्मलेल्या या खेळाला असा वाचक मिळाला, हे छान झाले.

आता घराकडे वळू. तिथला हिशेब एवढा गोड नाही.

१९६१ च्या जूनमध्ये डोनाल्ड आणि जिल यांचे लग्न झाले. मधुचंद्राला जहाजाने युरोपला निघाले तेव्हा नवऱ्याच्या सामानात नोम चॉम्स्की यांचे व्याकरणावरचे पुस्तक होते, आणि ते त्यांनी वाचलेही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच एका प्रकाशकाशी करार झाला. विषय, संगणकाच्या भाषांतर-कार्यक्रमांवरचे एक पुस्तक; प्रकरणे बारा. १९६५ मध्ये हस्तलिखित पुरे झाले तेव्हा पाने भरली सुमारे तीन हजार. त्याच सुमारास घरात पहिले मूल आले आणि लवकरच दुसरे. प्रकाशकाने हिशेब केला तेव्हा कळले, हे एका पुस्तकाचे काम नव्हे, सात खंडांचे आहे.

१९६७ हे वर्ष क्नूथ यांनी स्वतः आयुष्यातले सर्वांत धामधुमीचे वर्ष म्हणून सांगितले आहे. संशोधनातल्या त्यांच्या दोन मोठ्या कल्पना त्याच वर्षातल्या. शिकवणे, संपादकपदे, पहिल्या खंडाची मुद्रिते आणि घरी दोन तान्ही मुले. त्या उन्हाळ्यात पोटातल्या अल्सरमधून रक्तस्राव होऊन ते रुग्णालयात दाखल झाले. वय एकोणतीस. बाहेर आल्यावर त्यांनी संपादक मंडळांचे राजीनामे दिले आणि कामे कमी केली.

इथे समतोलाचे खरे स्वरूप दिसते. ते सगळ्या गोष्टींना सारखा वेळ देत बसले नाहीत. त्यांनी वजाबाकी केली, आणि पुढेही करत राहिले. त्यातली सर्वांत गाजलेली वजाबाकी १ जानेवारी १९९० ची. पंधराएक वर्षे ई-मेल वापरल्यावर त्यांनी तो त्या दिवशी कायमचा बंद केला. ज्यांना काही कळवायचे असेल त्यांनी टपालाने कळवावे. पत्रे साठली की सवडीने एकदम वाचली जातील. १९९३ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, ते स्टॅनफर्डमधून मुदतीआधी निवृत्त झाले.

बेरजाही झाल्या. जानेवारी १९७३ मध्ये कुटुंब नॉर्वेत असताना ‘सर्रियल नंबर्स’ हे छोटे पुस्तक लिहायचे त्यांच्या डोक्यात बसले. जिल यांच्याशी बोलून एक आठवडा ठरवला गेला, ऑस्लोत हॉटेलची खोली घेतली आणि सहा दिवसांत पुस्तक झाले. सातव्या दिवशी विश्रांती, बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथेला स्मरून. पुस्तकातली चित्रे जिल यांनी काढली. चार वर्षांनी मात्र घराची बेरीज हुकली. वर्षभराच्या रजेत चिलीला जायचे ठरले होते. ऐन वेळी क्नूथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई कुरूप दिसली आणि अक्षरजुळणीचा कार्यक्रम स्वतःच लिहावा असे वाटले. चिली रद्द झाले. वर्षभरात संपेल असे वाटलेले ते काम, म्हणजे ‘टेक’, दहा-बारा वर्षे चालले. आज गणिताचे बहुतेक शोधनिबंध त्यात जुळवले जातात. त्याच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला ‘पाय’ या संख्येच्या आणखी एका दशांशाने लांबतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी या प्रणालीसाठी देवनागरी अक्षरे तयार केली आणि मराठी, संस्कृत मजकूरही त्यात जुळवता येऊ लागला. सवड देऊन केलेल्या कामाची अशी फळे मिळतात. चिलीचे तिकीट मात्र त्यासाठी गेले, हे नोंदवायला हवे.

कुणी विचारेल, हे सगळे चालू असताना घर कोण सांभाळत होते? साठच्या दशकातल्या अमेरिकी घरांमध्ये या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच असे. क्नूथ यांच्या आयुष्याकडे नमुना म्हणून बोट दाखवण्याआधी हे लक्षात ठेवावे. पत्रे निवडून देणारी सचिव, विद्यापीठाची कायम नोकरी, समजून घेणारी पत्नी. हे नसलेल्या माणसाला ई-मेल बंद करता येत नाही. तरी जिल क्नूथ केवळ पाठीशी उभ्या राहिल्या असे लिहिणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्या स्वतः चित्रकार. चर्चमध्ये टांगायच्या कापडी पताकांची कला हा त्यांचा विषय आणि १९८६ मध्ये त्यावर त्यांचे पुस्तक आले, ‘बॅनर्स विदाउट वर्ड्स’. म्हणजे शब्दांशिवायच्या पताका. नवरा दशकभर अक्षरांची वळणे घोटत असताना बायको अक्षराविना आशय मांडायला शिकवत होती. चर्चची सेवा दोघांची होती, पण दोघांनी आपापला सूर वेगळा ठेवला.

क्नूथ यांची सेवाही ऑर्गनपुरती नव्हती. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात असताना त्यांनी एका लूथरन चर्चमध्ये काही काळ ऑर्गनवादकाची जागा सांभाळली. पुढे ते चर्चमध्ये बायबलचा अभ्यासवर्गही घेऊ लागले. तिथे त्यांच्यातला संगणकशास्त्रज्ञ गप्प बसला नाही. एवढा मोठा ग्रंथ थोडक्यात कसा समजून घ्यावा? संख्याशास्त्रात करतात तसा नमुना निवडावा. प्रत्येक पुस्तकातला तिसरा अध्याय, सोळावे वचन. योहानातले ३:१६ ख्रिस्ती घरांत मुलांनाही पाठ असते. बाकीची तशी कुणी निवडून वाचत नाही. त्या प्रत्येक वचनाचा अभ्यास करून त्यांनी १९९१ मध्ये पुस्तक केले, आणि प्रत्येक वचन जगातल्या नामवंत सुलेखनकारांकडून लिहून घेतले. त्या सुलेखनकारांचे नेतृत्व केले हर्मान त्साफ यांनी. श्रद्धेबद्दल संगणकशास्त्रज्ञ सहसा बोलत नाहीत, म्हणून १९९९ मध्ये एमआयटीत त्यांनी याच विषयावर व्याख्याने दिली. त्या व्याख्यानांचे पुस्तकही निघाले.

संगीत आणि गणना यांचे नाते क्नूथ यांनी लावले असे नाही, ते त्यांना सापडले, आणि त्यातला एक धागा आपल्या मातीतला आहे. ग्रंथाच्या चौथ्या खंडात संयोजनशास्त्राचा इतिहास सांगताना ते शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’पाशी थांबतात. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, हा ग्रंथ लिहिला गेला. शार्ङ्गदेव सिंघण यादवाच्या दरबारात जमाखर्चाचा अधिकारी होता. सात स्वर उलटसुलट मांडले तर ५,०४० ताना होतात. त्यांतली एखादी तान घेतली तर तिचा क्रमांक कितवा, आणि क्रमांक दिला तर तान कोणती, हे ‘खंडमेरू’ या कोष्टकाने कसे काढायचे ते त्याने सांगितले आहे. प्रोग्रॅमरला ही कृती आजही लागते. दिवसा सरकारी हिशेब आणि मग स्वरांचा हिशेब करणारा देवगिरीचा हा अधिकारी क्नूथ यांना जवळचा वाटला असेल, तर नवल नाही.

सर्वांत मोठी सांगीतिक हौस क्नूथ यांनी सर्वांत उशिरा पुरी केली. प्रकटीकरण हे बायबलमधले शेवटचे पुस्तक. त्यात सात शिक्के, सात कर्णे, अजगर, पशू आणि संख्याच संख्या. त्यावर ऑर्गनसाठी मोठी रचना करायची कल्पना त्यांनी वर्षानुवर्षे बाळगली आणि सत्तरी ओलांडल्यावर ती लिहायला घेतली. मूळ ग्रीक मजकुराला धरून बांधलेली ‘फँटासिया अपोकॅलिप्टिका’ सुमारे दीड तासाची आहे. संख्या, पात्रे आणि प्रसंग यांना ठरावीक सूर आणि लय दिल्या आहेत. जुन्या चर्चसंगीतापासून नाचाच्या ठेक्यापर्यंत काहीही मध्येच डोकावते. संगीताचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या माणसाने एवढे धाडस करावे का, असे एखाद्या जाणकाराला वाटू शकते. वाटू द्यावे. हौशी माणसाला एक मोठी सवलत असते, वेळेत संपवायचे बंधन नसते. क्नूथ यांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला.

पहिला प्रयोग १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वीडनच्या उत्तरेकडच्या पिटिओ गावात झाला. वाजवले यान ओव्हरडुइन यांनी. त्याच निमित्ताने जगभरचे गणितज्ञ आणि संगणकतज्ज्ञ परिषदेला जमले होते.

मुख्य ग्रंथाचे काम त्यानंतरही थांबले नाही. चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ मध्ये आला. १९६२ साली ठरलेल्या बारा प्रकरणांपैकी त्यात सातवे प्रकरण चालू आहे, आणि ते अजून संपलेले नाही.